क्लोनचा राडा: कॉपी करायची ती क्रीचरच उडाली तर क्लोन मरतो का?

सांगलीचा_गॉब्लिन

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या गेमचे नियम पक्के माहिती असणारं कुणी हाय का इथं? आमचा छोटा ग्रुप आहे, विश्रामबागला एकाच्या टेरेसवर रविवारचं बसतो, टुर्नामेंट-बिर्नामेंट काही नाही, जज तर नाहीच नाही, जो मोठ्यानं बोलेल त्याचा नियम असा कारभार. म्हणून इथं विचारतोय.

मॅटर असा. समोरच्याकडं (मिरजेचा आहे, नाव घेत नाही, तो हे वाचणारच) सेरा एंजल नावाची क्रीचर (लढणारं कार्ड) होती. मूळची ४/४ (पहिला आकडा पॉवर म्हणजे मारायची ताकद, दुसरा टफनेस म्हणजे सोसायची), फ्लाइंग म्हणजे उडणारी आणि व्हिजिलन्सवाली म्हणजे अटॅक करून टॅप न होणारी, वर दोन +१/+१ काउंटर (ताकद वाढवणाऱ्या खुणा) बसवून ६/६ केलेली. दर टर्नला वरून येऊन मला मारून जायची आणि अनटॅपच (कार्ड आडवं न होता, वापरायला मोकळी) राहायची म्हणून ब्लॉकलापण हजर. शेवटी मी तिच्यावर पॅसिफिझम लावलं, आता ना अटॅक ना ब्लॉक, नुसती बसून. माझ्याकडं क्रीचर म्हणाल तर एकटी वॉल ऑफ ओमेन्स. मग माझ्या टर्नला चार मॅना (लँडमधनं मिळणारी, कार्ड टाकायला खर्चायची ताकद) टॅप करून मी क्लोन (दुसऱ्या क्रीचरची कॉपी बनून येणारं कार्ड) टाकला आणि बोललो, क्लोन, सेरा एंजलची कॉपी.

तर हा गडी म्हणला थांब, एक निळा मॅना, अनसमन (एक क्रीचर मालकाच्या हातात परत पाठवणारं कार्ड), आणि ते पण स्वतःच्याच एंजलवर. एंजल गेली त्याच्या हातात, माझं पॅसिफिझम गेलं ग्रेव्हयार्डात (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात). आणि वर म्हणतो तुझं टार्गेट गेलं, क्लोन फिझल म्हणजे वाया, टाक ग्रेव्हयार्डात. मी म्हणलं अरे माझी वॉल आहे की टेबलवर, तिची कॉपी घेतो. तर नाही म्हणे, तू एंजल बोललास, आता फिरवता येत नाही. बाकीच्यांना भूक लागलेली, त्यांना गेम संपवून भेळ गाठायची होती, त्यांनी त्याचीच री ओढली.

तर खरं काय ते सांगा. क्लोन मरतो का? आणि समजा अनसमन आलंच नसतं तर माझी कॉपी ६/६ झाली असती का ४/४? त्याचं म्हणणं काउंटर येत नाहीत पण पॅसिफिझम येतं, म्हणजे त्याला सोयीचं तेवढं येतं. आणि कॉपीनं त्याच टर्नला अटॅक करता आला असता का, कारण मूळ एंजल तर कधीची टेबलवर होती.

वाळव्याचा_वाघ

मिरजवाला बरोबर आहे भावा. टार्गेट गेलं की स्पेल (टाकलेलं कार्ड) फिझल, हा बेसिक नियम आहे. लाइटनिंग बोल्ट (डॅमेज मारणारा स्पेल) टाकला आणि मधेच क्रीचर हातात परत गेली तर बोल्ट वाया जातो की नाही, तसंच हे. पुढच्या वेळी आधी समोरच्याचे अनटॅप लँड बघून घे मग टाक.

मॅनास्क्रू

वाघ, बोल्टचं तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे पण ते क्लोनला लागू नाही. मी साताऱ्याची, कॉलेजपासून खेळते, आणि क्लोनवरची ही भांडणं माझ्यापुढं इतक्यांदा झालीत की आता पाठ आहेत. गॉब्लिन, तुझा क्लोन जिवंत राहायला पाहिजे होता आणि वॉल ऑफ ओमेन्स बनायला पाहिजे होता, वर एक कार्डपण मिळायला पाहिजे होतं.

का ते सांगते. कार्ड हातात घे आणि वाच. क्लोनवर टार्गेट हा शब्द कुठंच नाही. हा गेम शब्दाला शब्द चालतो, जिथं टार्गेट लिहिलंय तिथंच टार्गेट. बोल्ट टाकताना तुला टार्गेट आधी सांगावं लागतं, ते स्टॅकवर (टाकलेले पण अजून लागू न झालेले स्पेल थांबतात तिथं) बसतं, आणि रिझॉल्व्ह म्हणजे लागू व्हायच्या वेळेला ते जागेवर नसेल तर बोल्ट जातो. क्लोन मात्र स्टॅकवर असताना नुसता क्लोन असतो, ०/० शेपशिफ्टर, चार मॅनाचा निळा क्रीचर स्पेल, दुसरं काही नाही. दोघांनीही पास म्हणलं, तो रिझॉल्व्ह व्हायला लागला, की तो बॅटलफील्डवर (टेबलवर) पाय ठेवता ठेवता तू ठरवायचं की कुणाची कॉपी. त्या क्षणाला टेबलवर जेवढ्या क्रीचर आहेत त्यातली कुठलीही चालते, तुझी, त्याची, कुणाचीही. एंजल गेली तर गेली, वॉल होती ना.

आणि ठरवणं आणि कॉपी होणं याच्या मधे समोरच्याला बोलायला जागाच नसते, हे नीट लक्षात घ्या. आधी ०/० येतो आणि मग बदलतो असं होत नाही, तो येतानाच वॉल म्हणून येतो. म्हणून तर ०/० असून मरत नाही, आणि म्हणूनच वॉलचं "आल्यावर एक कार्ड ड्रॉ कर" हे त्याच्यासाठी ट्रिगर होतं. समोरच्यानं काही करायचं असेल तर क्लोन स्टॅकवर असताना करायचं, पण तेव्हा त्याला नियमानं माहितीच नसतं की तू काय निवडणार आहेस.

टार्गेट नसल्याचा अजून एक फायदा. समोरच्याची क्रीचर हेक्सप्रूफ असली, श्राउडवाली असली, निळ्यापासून प्रोटेक्शनवाली असली, म्हणजे तुला टार्गेट करताच येत नसली, तरी क्लोन तिची कॉपी घेतो. वॉर्डचा (टार्गेट केलं की लागणारा) दंडपण भरावा लागत नाही. ज्या क्रीचरला आपण हात लावू शकत नाही तिची आपली स्वतःची एक काढायची, क्लोनची सगळी मजा यात आहे.

आता ६/६ का ४/४. चार-चार. कॉपीला जे येतं ते कार्डवर छापलेलं: नाव, मॅना कॉस्ट, रंग, टाइप, रूल्स टेक्स्ट, पॉवर-टफनेस. थोरल्या भावाचं जुनं पुस्तक आणि दुकानातनं आणलेली त्याच पुस्तकाची कोरी प्रत, धडे तेच असतात पण त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आणि घातलेलं कव्हर नव्या प्रतीत येत नाही. काउंटर येत नाहीत, ऑरा (क्रीचरला चिकटवलेलं कार्ड) येत नाही, म्हणजे पॅसिफिझमपण येत नाही. जायंट ग्रोथनं +३/+३ मिळालेलं असेल तेही येत नाही. मूळ क्रीचर टॅप असली तरी कॉपी अनटॅप येते, मूळला डॅमेज लागलेला असला तरी कॉपी ताजी येते. तेव्हा तुझ्या मित्राचं "काउंटर येत नाही, पॅसिफिझम येतं" हे अर्धंच बरोबर. रूलबुकात बघायचं असेल तर कॉपीचा सगळा भाग ७०७ नंबरच्या नियमात आहे, कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्स फुकट मिळतात, डाउनलोड करून फोनमधे ठेवा सगळ्यांनी.

अटॅक मात्र त्या टर्नला नाही. समनिंग सिकनेस क्लोनला स्वतःची लागते. तुझी टर्न चालू झाल्यापासून ती वस्तू सलग तुझ्या ताब्यात असायला पाहिजे असा नियम आहे, मूळ एंजल कितीही जुनी असली तरी तुझी एंजल आत्ता आलीय. लानोवार एल्व्हजची कॉपी केलीस तर त्या टर्नला तिला टॅप करून मॅनापण काढता येणार नाही. हेस्टवाल्या (आल्याआल्या अटॅक करता येणाऱ्या) क्रीचरची कॉपी असेल तर गोष्ट वेगळी, कारण हेस्ट छापलेलं असतं म्हणजे ते येतं. ब्लॉक मात्र कधीही करता येतो, सिकनेसचा ब्लॉकशी संबंध नाही, हे पण बऱ्याच जणांना माहिती नसतं.

सांगलीचा_गॉब्लिन

नाद खुळा ताई. म्हणजे मला एंजल तर नाहीच पण वॉल आणि एक कार्ड तरी मिळत होतं, आणि यांनी माझा क्लोन फुकटचा ग्रेव्हयार्डात घातला. ग्रुपवर लिंक टाकतोय.

मिरजेचा_मर्फोक

लिंक मिळाली. तो गडी मीच.

बरं टार्गेट नाही हे वाचलं, कार्डपण काढून बघितलं, खरंच लिहिलेलं नाही. पण माझा मुद्दा तो नव्हताच लगा, हा विषय फिरवतोय. माझा मुद्दा असा की हा स्वतःच्या तोंडानं "सेरा एंजलची कॉपी" बोलला. मी त्याच्यावर विश्वास ठेवून अनसमन खर्च केलं. नसता बोलला तर मी विचार केला असता. आता बोलून झाल्यावर आणि माझं कार्ड खर्च झाल्यावर हा म्हणतो मी वॉल घेतो, मग त्या बोलण्याला काय अर्थ राहिला. टुर्नामेंटमधे असं चालतं का ते सांगा.

मॅनास्क्रू

मर्फोक, हा प्रश्न खरंच चांगला आहे, आणि गंमत म्हणजे यावर टुर्नामेंटच्या नियमात सरळ लिहिलेलंच आहे, शॉर्टकटच्या भागात. एखादी निवड रिझॉल्व्ह होताना करायची असते, ती खेळाडूनं स्पेल टाकतानाच जाहीर केली, तर तो त्या निवडीला बांधील राहतो. पण पुढं लिहिलंय की समोरच्यानं त्या स्पेलला रिस्पॉन्स दिला तर नाही. रिस्पॉन्स आला की निवड पुन्हा मोकळी.

म्हणजे तू काही न करता नुसतं "ओके" म्हणला असतास आणि मग यानं "थांब थांब, एंजल नको, दुसरं घेतो" केलं असतं, तर तू त्याला अडवू शकत होतास, बोललास तेच घे. पण तू अनसमन टाकलंस म्हणजे रिस्पॉन्स दिलास, त्याबरोबर त्याचं आधीचं बोलणं सुटलं. हा नियम असाच पाहिजे पण, नाहीतर समोरच्याला आधी निवड ऐकायची आणि मग तीच उडवायची असा फुकटचा फायदा मिळेल, जो कार्डाप्रमाणं त्याला मिळायलाच नको.

आणि गॉब्लिन, तूही तोंड बंद ठेवत जा. क्लोन टाकताना फक्त "क्लोन" म्हणायचं आणि समोरच्याकडं बघायचं. तो पास म्हणला की मग सांगायचं कुणाची कॉपी. निम्म्या क्लोनवाल्यांची ही सवय असते, टाकतानाच सगळं सांगून मोकळे.

बाकी एक सांगते, मर्फोक, तुझी चाल स्वतः वाईट नव्हती. उलट मी तुझ्या जागी असते तर बहुतेक तीच केली असती. एका मॅनात तू काय काय केलंस बघ: त्याला ४/४ फ्लायर मिळू दिली नाहीस, त्याऐवजी ०/४ डिफेंडर (अटॅक न करता येणारी) घ्यायला लावलास, स्वतःची एंजल पॅसिफिझमखालून सोडवलीस आणि त्याचं एक कार्ड ग्रेव्हयार्डात घातलंस. दोन काउंटर गेले आणि पुन्हा पाच मॅना द्यावे लागणार, हे नुकसान आहे, पण पॅसिफिझमखाली बसलेल्या ६/६ पेक्षा मोकळी ४/४ केव्हाही बरी. चाल चांगली होती, फक्त "क्लोन मेला" हा दावा चालत नाही.

मिरजेचा_मर्फोक

हां, हे मान्य. पण मग दुसरा रस्ता पण होता ना, क्लोनला एंजल होऊ द्यायचं आणि मग अनसमन क्लोनवरच टाकायचं? चार मॅना पाण्यात.

मॅनास्क्रू

चालतं, पण तुमच्या त्या गेममधे मला ते कमी आवडतं. क्लोन हातात गेला की तो परत साधा क्लोन होतो, पुढच्या टर्नला हा पुन्हा चार मॅना देऊन पुन्हा तुझीच एंजल निवडणार, आणि तुझी एंजल तशीच पॅसिफिझमखाली. तू फक्त एक टर्न विकत घेतलीस. त्याला मारायला तुला एकच टर्न हवी असेल तर ते कर.

कंट्रोल_कांदेपोहे

मी सांगलीचाच, हरभट रोडला असतो, तुमचा ग्रुप माहितीच नव्हता, मला पण घ्या की राव.

ताईंनी "जे छापलेलं तेच येतं" सांगितलं ते एकदम बरोबर पण त्याच्यावर विसंबून क्लोनवाले मरतात कसे ते मी सांगतो कारण हे भांडण नंबर दोन आहे. छापलेलं येतं म्हणजे छापलेलं वाक्य येतं, त्या वाक्याचा मूळ क्रीचरसाठी निघालेला आकडा येत नाही.

नाइटमेअर घ्या, १९९३ च्या पहिल्या सेटपासूनचं कार्ड, काळा उडणारा घोडा, त्याची पॉवर आणि टफनेस तुमच्याकडं जितके स्वॉम्प (काळा मॅना देणाऱ्या लँड) तितकी. समोरच्याकडं आठ स्वॉम्प आहेत, घोडा ८/८ आहे, तुम्ही निळ्या-पांढऱ्या डेकमधनं क्लोन टाकून त्याची कॉपी घेतली. आता वाक्य तुमच्या बाजूनं मोजणार. तुमच्याकडं स्वॉम्प शून्य. घोडा आला ०/० आणि जागेवर गेला. टफनेस शून्य झाली की कुणी काही बोलायच्या आत ग्रेव्हयार्ड, तिथं रिस्पॉन्स पण नाही.

आणि हायड्रा. प्रायमॉर्डियल हायड्रा ०/० छापलेला असतो आणि एक्स (टाकताना जितका जास्तीचा मॅना दिला तितके) काउंटर घेऊन येतो, मग दर अपकीपला (टर्नच्या सुरुवातीला) डबल होत जातो. समोर १६/१६ हायड्रा बघून माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं आणि तो क्लोन टाकतो. पण एक्स हा त्याच्या स्पेलला दिलेला, तुम्ही टाकला क्लोन, त्यात एक्स नाहीच, म्हणजे एक्स शून्य, काउंटर शून्य, ०/०, राम नाम सत्य. अशा वेळी क्लोनवर "यू मे" लिहिलंय ते आठवा, कॉपी घेतलीच पाहिजे असं नाही आणि टेबलवर दुसरी बरी क्रीचर असेल तर ती घ्या. अर्थात काहीच नाही घेतलं तर क्लोन स्वतः ०/० आहे म्हणजे तो पण जाणार, तुमच्याकडं ग्लोरियस अँथमसारखं +१/+१ देणारं काही असेल तरच १/१ म्हणून जगेल.

उलटं पण होतं बरं का. समोरच्याच्या मस्त क्रीचरवर कुणीतरी टर्न टू फ्रॉग टाकलंय, आत्ता ती १/१ बेडूक आहे, सगळ्या अबिलिटी गेल्यात. लोक म्हणतात बेडकाची कॉपी कशाला. अरे घ्या की! बेडूक झालेलं तात्पुरत्या इफेक्टनं, छापलेलं नाही, तुम्हाला पूर्ण क्रीचर मिळणार फ्लाइंग-व्हिजिलन्स सगळ्यासकट.

वाळव्याचा_वाघ

आता मला पण शंका आली. क्लोननं क्लोनची कॉपी घेतली तर? आणि लेजेंडरी क्रीचरची घेतली तर दोन्ही मरतात ना, आमच्याकडं तसंच खेळतात. मी तर क्लोन त्याच्यासाठीच डेकमधे ठेवतो, समोरचा मोठा लेजेंड आला की त्याच्यावर क्लोन सोडायचा.

मॅनास्क्रू

वाघ, तुमच्याकडचं कुणीतरी फार पूर्वी खेळायला शिकलंय आणि तेच पुढं चालत आलंय. तसा नियम होता खरा. एका नावाचे दोन लेजेंड टेबलवर आले, कुणाच्याही बाजूला असू देत, की दोन्ही ग्रेव्हयार्डात, आणि तेव्हा क्लोन म्हणजे चार मॅनाचं लेजेंड मारायचं हत्यार होतं, लोक हेक्सप्रूफ लेजेंडवर मुद्दाम वापरायचे. २०१३ साली मॅजिक २०१४ कोअर सेटच्या वेळेला तो बदलला. आता नियम एका खेळाडूपुरता बघतो. तुमच्या एकट्याकडं एका नावाचे दोन लेजेंड झाले तर तुम्ही एक निवडून ठेवायचा आणि दुसरा ग्रेव्हयार्डात टाकायचा. समोरच्याकडं एक आणि तुमच्याकडं क्लोनवाला एक, दोघंही सुखानं राहतात. तेव्हा तुमचा क्लोन आता मारत नाही, पण त्याच्यासारखाच लेजेंड तुमच्याकडं येतो, माझ्या मते हे जास्त चांगलं आहे.

स्वतःच्याच लेजेंडची कॉपी घ्यायची असेल तर साधा क्लोन फारसा कामाचा नाही, त्याला स्पार्क डबल बघा. ते पण चारच मॅनाचं, फक्त तुमच्या स्वतःच्या क्रीचरची किंवा प्लेन्सवॉकरची (हा कार्डांचा वेगळा प्रकार) कॉपी घेतं, पण त्यात लेजेंडरी राहत नाही असं छापलंय, आणि वर क्रीचर असेल तर एक जास्तीचा +१/+१ काउंटर. कमांडर (एका लेजेंडभोवती डेक बांधायचा खेळप्रकार) खेळणाऱ्यांचं लाडकं आहे.

क्लोनची क्लोन म्हणाल तर पहिला क्लोन टेबलवर एंजल होऊन बसलेला असेल तर दुसरा थेट एंजलच होतो. इथं छापलेलं अधिक कॉपीनं आलेलं असं धरायचं, कॉपीची कॉपी मोजली जाते. एक सापळा आहे, फँटाझमल इमेज. ती दोन मॅनात कॉपी घेते पण वर स्वतःचं एक वाक्य जोडते, की टार्गेट झाली की हिला सॅक्रिफाइस करा (स्वतःच ग्रेव्हयार्डात टाका). इमेज एंजल बनून बसलीय आणि तुम्ही क्लोननं त्या एंजलची कॉपी घेतली, तर ते नाजूकपण पण तुमच्याकडं येतं. खरी एंजल बाजूला असेल तर खरीवर बोट ठेवा.

सांगलीचा_गॉब्लिन

आणि टोकन (कार्ड नसलेली, इफेक्टनं तयार झालेली क्रीचर)? आमच्यात एक जण सोल्जर टोकनांचा ढीग लावतो.

कंट्रोल_कांदेपोहे

टोकनची घेता येते. १/१ पांढरा सोल्जर होणार, पण तुमचा क्लोन हे खरं कार्ड आहे म्हणून तो टोकन होत नाही, मेला तर ग्रेव्हयार्डात क्लोन म्हणूनच पडतो आणि ग्रेव्हडिगरनं परत हातात आणता येतो. टोकन कसं हातात पाठवलं की कायमचं संपतं, याला तो त्रास नाही. पण चार मॅनाला १/१, कशाला राव.

एक अजून, त्या टोकनवाल्याशी तुमची कॉम्बॅटमधे पण भांडणं होत असणार. एका मोठ्या क्रीचरला तीन-चार जणांनी मिळून ब्लॉक केलं की पूर्वी ब्लॉकर एका ओळीत लावावे लागायचे, पहिल्याला मरणाइतका डॅमेज दिल्याशिवाय दुसऱ्याला देता यायचा नाही. नोव्हेंबर २०२४ ला फाउंडेशन्स सेट आला तेव्हापासून ती ओळ काढून टाकली, आता अटॅकरवाला डॅमेज हवा तसा वाटतो. जुन्या व्हिडिओवरनं शिकलेल्यांना हे माहिती नसतं. आणि ब्लूमबरो सेटपासून, तेही २०२४, कार्डावर "एंटर्स द बॅटलफील्ड" ऐवजी नुसतं "एंटर्स" छापतात, अर्थ तोच आहे, त्यावरनं भांडू नका.

मिरजेचा_मर्फोक

आता सगळ्यांनी मला धुतलंच आहे तर शेवटचं विचारतो, आणि याचं उत्तर गॉब्लिनला आधीच देऊ नका. माझ्याकडं म्यूटाव्हॉल्ट आहे, लँड. एक मॅना दिला की टर्न संपेपर्यंत २/२ क्रीचर होतं, सगळ्या क्रीचर टाइपसकट. समजा याच्या टर्नला टेबलवर एकही क्रीचर नाही, यानं क्लोन टाकला, मला दया आली म्हणून मी म्यूटाव्हॉल्ट चालू केलं. यानं त्याची कॉपी घेतली. काय होतं?

मॅनास्क्रू

दया कसली, अनसमनवाला माणूस तू.

घेता येते, कारण निवडायच्या क्षणाला म्यूटाव्हॉल्ट क्रीचर आहे. पण येतो तो चालू न केलेला म्यूटाव्हॉल्ट, क्रीचरपण हे इफेक्टनं आलेलं होतं, छापलेलं नाही. म्हणजे क्लोन आता साधा लँड. मरत नाही, कारण टफनेस शून्यचा नियम क्रीचरला, आणि हा क्रीचरच राहिला नाही. त्या टर्नचं लँड खेळणंपण खर्च होत नाही, कारण त्यानं लँड खेळलाच नाही, स्पेल टाकला. आणि क्रीचर नसल्यामुळं समनिंग सिकनेस आडवी येत नाही, लगेच टॅप करून एक रंगहीन मॅना काढता येतो. तो मॅना घालून त्यालाच चालू करता येतं पण मग तो टॅप झालेला २/२ असेल, त्याचा उपयोग शून्य. पुढच्या टर्नपासून मात्र दुसऱ्या लँडचा मॅना देऊन अटॅकला पाठवता येईल.

सांगलीचा_गॉब्लिन

आणि समजा मी तो चालू केला, अटॅकला पाठवला, आणि हा पुन्हा अनसमन टाकतो, तर माझ्या हातात म्यूटाव्हॉल्ट येणार का क्लोन?

मॅनास्क्रू

क्लोन. बॅटलफील्ड सोडलं की कॉपी संपली, हातात, ग्रेव्हयार्डात, डेकमधे सगळीकडं तो क्लोनच.

कंट्रोल_कांदेपोहे

रविवारी किती वाजता बसता ते सांगा, मी माझा नाइटमेअर डेक घेऊन येतो. क्लोन आणा बिनधास्त.